गट आधी, आलेख नंतर

चालीच्या विश्लेषणावरचा कुठलाही प्रबंध उघडला की निकालांच्या प्रकरणात एक आकृती हमखास सापडते. आडव्या अक्षावर शून्य ते शंभर टक्के चालीचे चक्र, उभ्या अक्षावर गुडघ्याचा कोन, मधून जाणारी जाड रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना फिकट पट्टा. दोन गट असले की दोन रंग. आकृती देखणी असते, त्यामुळे मार्गदर्शक खूश होतात आणि परीक्षक पान उलटतात. ती जाड रेघ नेमकी कशाची सरासरी, पट्टा माणसामाणसांतल्या फरकाचा की एकाच माणसाच्या पावलापावलांतल्या, किती चक्रे वगळली आणि का, हे मात्र आकृतीखाली क्वचितच लिहिलेले असते. या प्रश्नांची उत्तरे आलेख काढताना ठरतच नाहीत. फाइली लोड करताना आणि त्यांचे गट पाडताना ती नकळत ठरून गेलेली असतात. मोशन कॅप्चरचा डेटा हाताळायला नव्याने शिकणाऱ्या फिजिओथेरपीच्या, क्रीडाविज्ञानाच्या किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच सॉफ्टवेअरचे मेनू पाठ करण्याआधी एक सवय लावून घ्यावी: आपला गट कोणता आणि त्यातला एक नग म्हणजे काय, एक माणूस, एक ट्रायल की एक चक्र, हे पहिली फाइल उघडण्यापूर्वी एका वाक्यात लिहून काढायचे.

बोलायला समोर खरा डेटा असलेला बरा. ब्राझीलमधल्या फेडरल युनिव्हर्सिटी ऑफ एबीसीतल्या क्लॉडियाने फुकुची, रेजिनाल्डो फुकुची आणि मार्कोस दुआर्ते यांनी निरोगी माणसांच्या चालण्याचा डेटा २०१८ मध्ये 'पीअरजे' नियतकालिकातल्या लेखासोबत सर्वांसाठी खुला केला. त्यात ४२ माणसे आहेत, २४ तरुण आणि १८ वयस्क. प्रत्येकजण जमिनीवर तीन वेगांनी चालला: सोयीच्या, त्याहून हळू आणि त्याहून जलद. ट्रेडमिलवर आठ वेगांनी चालला, आपापल्या सोयीच्या वेगाच्या ४० टक्क्यांपासून १४५ टक्क्यांपर्यंत. फाइली सी३डी आणि साध्या मजकुराच्या अशा दोन्ही रूपांत फिगशेअरवर मिळतात, त्यामुळे ज्याच्या महाविद्यालयात कॅमेऱ्यांची प्रयोगशाळा नाही त्यालाही अकोल्यात किंवा सांगलीत बसून या डेटावर हात साफ करता येतो.

आता या एकाच डेटातून किती तऱ्हेचे गट निघतात ते पाहा. तरुण आणि वयस्क हा एक. जमीन आणि ट्रेडमिल हा दुसरा. हळू आणि जलद हा तिसरा. डावा पाय, उजवा पाय हा चौथा. कागदावर चारही सारखेच दिसतात, पण पहिल्यात वेगवेगळ्या माणसांची तुलना आहे आणि बाकीच्या तिन्हींत तोच माणूस स्वतःशी ताडला जातो. जमीन आणि ट्रेडमिल यांच्या दोन सरासऱ्या, दोन पट्ट्यांसह एकावर एक छापल्या तर पट्टे एकमेकांत पूर्ण मिसळतात आणि वाचक म्हणतो, फरक नाही. प्रत्यक्षात ४२ पैकी बहुतेकांचा कोन एकाच दिशेने दोन-तीन अंशांनी सरकलेला असू शकतो. माणसामाणसांतल्या मोठ्या फरकाखाली तो झाकला जातो. इथे आलेख काढायचा तो फरकाचा: प्रत्येक माणसाची ट्रेडमिलची रेघ वजा त्याचीच जमिनीवरची रेघ, आणि मग त्या ४२ फरकांची सरासरी. हा निर्णय आलेखाच्या खिडकीत सुचला तर बहुधा जोड्या लावायला लागणारी माहिती हाताशी नसते, कारण फाइली लोड करताना व्यक्तीचा क्रमांक कुणी जपलेलाच नसतो.

तरुण-वयस्क तुलनेत वेगळाच सापळा आहे. वय वाढते तसा सोयीचा चालण्याचा वेग साधारणपणे कमी होतो. वेग बदलला की आलेखाचा आकारही बदलतो: टाच टेकल्यानंतर गुडघा जो थोडा वाकतो, ते वाकणे वेगाबरोबर वाढते, पावलाचे बल मोजणाऱ्या फोर्स प्लेटवरच्या उभ्या बलाची दोन टेकाडांची ओळखीची आकृती जलद चालीत ठसठशीत होते आणि अगदी हळू चालीत जवळजवळ सपाट. म्हणजे 'सोयीचा वेग' एवढ्या एका निकषावर दोन गट केले तर आलेखात दिसलेला फरक वयाचा की वेगाचा, हे सांगता येणार नाही. ट्रेडमिलवर १०० टक्के वेगाच्या ट्रायल घेतल्या तरी सुटका नाही. ते प्रत्येकाच्या स्वतःच्या वेगाचे १०० टक्के आहेत, मीटर प्रति सेकंदात मोजलेला एकच वेग नव्हे. यावर एक मार्ग असा की, मीटर प्रति सेकंदातला वेग प्रत्येक ट्रायलपुढे नोंदवायचा आणि दोन्ही गटांतून जवळपास समान वेगाच्या ट्रायल निवडायच्या. आठ वेग उपलब्ध असल्यामुळे या डेटात ते जमते. पण त्यासाठी 'वय' आणि 'वेग' या दोन्ही खुणा फाइलीला आधीपासून चिकटलेल्या हव्यात.

आता लोड करण्याकडे वळू. सी३डी हा फाइलीचा साचा अँड्र्यू डेनिस यांनी १९८० च्या दशकात तयार केला आणि अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये तो प्रथम वापरात आला. आज व्हायकॉन, क्वालिसिस, ऑप्टिट्रॅक, मोशन अॅनालिसिस अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणांतून तो बाहेर काढता येतो. एकाच फाइलीत मार्करांचे त्रिमितीय निर्देशांक, फोर्स प्लेट आणि ईएमजीसारखे (स्नायूंच्या विद्युत क्रियेचे) अॅनालॉग संकेत, आणि त्यांच्याविषयीची माहिती अशा तिन्ही गोष्टी राहतात. ही तिसरी गोष्ट नवशिका उघडतच नाही, आणि खरी मेख तिथेच असते. मार्करांचा नमुनादर किती, एकक मिलिमीटर की मीटर, प्लेटचे चार कोपरे प्रयोगशाळेच्या अक्षांत कुठे आहेत, प्लेट कोणत्या प्रकारची, हे सगळे तिथे लिहिलेले असते. वाचायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. 'मोक्का' हा फुकट दर्शक पुरतो, पायथन वापरणाऱ्यांना 'ईझीसी३डी' ही लायब्ररी आहे. मोमेंट न्यूटन-मिलिमीटरमध्ये असेल आणि तुम्ही न्यूटन-मीटर समजलात तर चूक हजारपटीची होते. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. चिन्हाची चूक जास्त फसवी. ओपनसिम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या जुन्या 'गेट२३९२' मॉडेलमध्ये गुडघा वाकणे ऋण धरले आहे, २०१६ च्या राजगोपाल मॉडेलमध्ये धन. ओपनसिममध्ये वरची दिशा वाय अक्षाची, बहुतेक प्रयोगशाळांत झेडची. डाव्या-उजव्या पायाला एकच उजव्या हाताचा नियम लावला तर मांडी आत-बाहेर जाण्याच्या कोनाचे चिन्ह एका बाजूला उलटे येते. अशा दोन रेघा एका गटात पडल्या की सरासरी शून्याच्या आसपास घोटाळते, आणि लिहिणारा 'पुढच्या प्रतलात लक्षणीय हालचाल आढळली नाही' असे शांतपणे लिहून मोकळा होतो.

जरा जवळून पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे हरवलेला मार्कर. हात झुलताना कमरेच्या पुढच्या हाडावरचा मार्कर काही फ्रेमपुरता कॅमेऱ्यांपासून झाकला जातो. सी३डी फाइलीत अशा फ्रेमपुढे 'रेसिड्युअल' नावाचा आकडा उणे एक असतो. तो मार्कर त्या क्षणी वैध नाही, एवढाच त्याचा अर्थ. निर्देशांकांच्या जागी मात्र बहुधा तीन शून्ये असतात. घाईत लिहिलेली स्क्रिप्ट रेसिड्युअल पाहत नाही, शून्ये तेवढी उचलते. परिणामी जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असलेला कमरेचा मार्कर बारा फ्रेमपुरता प्रयोगशाळेच्या मूळबिंदूवर, म्हणजे थेट फरशीवर जाऊन पडतो आणि परत येतो. श्रोणी वाकडी होते, खुब्याच्या कोनात भाला उगवतो. त्यावर सहा हर्ट्झचा बटरवर्थ फिल्टर फिरवला की भाल्याच्या कडा गोल होतात आणि तो शरीराच्याच एखाद्या हालचालीसारखा साळसूद टेंगूळ दिसू लागतो. आता वीस माणसांच्या गटात अशी एकच रेघ आहे आणि तिथे साठ अंशांची चूक आहे असे धरा. गटाची सरासरी त्या जागी तीनच अंशांनी हलेल. तेवढ्याकडे कोणी पाहणार नाही. पण प्रमाण विचलन मुळात सहा अंश असेल तर ते त्या जागी जवळपास पंधरावर जाईल, आणि चक्राच्या तेवढ्याच भागापुरता पट्टा अचानक फुगेल. पट्ट्याला असे पोट आलेले दिसले तर ते जैविक विविधतेचे लक्षण समजण्याआधी आतल्या वीस रेघा सुट्या करून पाहा. भात शिजल्यावर खडा दाताखालीच सापडतो. निवडायचे ते तांदूळ असताना.

उपाय सोपा आहे. लोड करताच रेसिड्युअल उणे असलेल्या जागा 'रिकाम्या' म्हणून नोंदवायच्या, खंड किती फ्रेमचा ते मोजायचे, मग काय करायचे ते ठरवायचे. छोटा खंड स्प्लाइनने भरता येतो. लांब खंड त्याच अवयवावरच्या इतर तीन मार्करांच्या आधाराने भरावा किंवा ते चक्र सोडून द्यावे. किती फ्रेमपर्यंत 'छोटा' म्हणायचे हा आकडा दोन्ही गटांसाठी एकच हवा आणि तो लेखात लिहिलेला हवा. ट्रेडमिलवर दीर्घ नोंद घेणाऱ्यांसाठी जाता जाता आणखी एक: मूळ सी३डी साच्यात फ्रेमची संख्या १६ बिटांत साठवली जाते, म्हणजे ६५,५३५ हा शेवट. शंभर हर्ट्झला ही जेमतेम अकरा मिनिटे झाली. त्यापुढची नोंद काही प्रोग्राम तोडून वाचतात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

फाइल नीट वाचली गेली की स्थिर उभे राहिल्याच्या ट्रायलवरून मॉडेल बांधायचे आणि ते त्या माणसाच्या चालण्याच्या फाइलींना जोडायचे, हे प्रत्येक पुस्तकात असते. पुस्तकात कमी आढळणारी बाब इव्हेंटची, म्हणजे टाच टेकण्यासारख्या क्षणांच्या खुणांची आहे. चालीचे चक्र एका पायाची टाच टेकण्यापासून त्याच पायाची टाच पुन्हा टेकेपर्यंत. टाच टेकल्याचा क्षण फोर्स प्लेटवरून काढला, समजा उभे बल वीस न्यूटनच्या वर गेले तो क्षण, तर तो भरवशाचा असतो. पण जमिनीवर चालताना त्याच पायाची पुढची टाच बहुतेकदा प्लेटच्या पलीकडे पडते, तेव्हा चक्राचा शेवट मार्करांच्या हालचालीवरूनच काढावा लागतो. झेनी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सुचवलेली पद्धत त्यासाठी बरीच वापरली जाते: कमरेच्या सापेक्ष टाच सर्वांत पुढे असते तो क्षण टेकण्याचा. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात. अडचण तेव्हा होते जेव्हा ट्रेडमिलच्या गटाला एक पद्धत आणि जमिनीच्या गटाला दुसरी लावली जाते. मग पद्धतींमधला काही फ्रेमचा फरक गटांमधला फरक बनून आलेखात उतरतो, आणि 'ट्रेडमिलवर गुडघा लवकर वाकतो' असा निष्कर्ष निघतो. फिल्टरचेही तसेच. चालण्यासाठी मार्करांना सहा हर्ट्झच्या आसपासची मर्यादा रूढ आहे. धावण्यात ती वाढवावी लागते. आदळण्याच्या हालचालींत मार्कर आणि बल यांना वेगवेगळ्या मर्यादा लावल्या तर गुडघ्याच्या मोमेंटमध्ये सुरुवातीलाच खोटे शिखर तयार होते, हे संशोधनांत दाखवले गेले आहे. मर्यादा कोणतीही निवडा. गट ओलांडताना ती बदलता कामा नये.

आता प्रत्यक्ष गट पाडणे. व्हिज्युअल३डी या चाल-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चालण्याच्या फाइलीला टॅग लावता येतो, एका माणसाचे सगळे काम एका सीएमझी वर्कस्पेसमध्ये साठवता येते, आणि त्याच घराण्यातले सिफ्ट असे अनेक सीएमझी एकदम लोड करून संकेत, इव्हेंट आणि टॅग यांच्या अटींवर गट बांधते. पायथनवाल्यांना हेच एका तक्त्याने साधते: प्रत्येक ट्रायलची एक ओळ, आणि रकान्यांत व्यक्तीचा क्रमांक, वय, वस्तुमान, पृष्ठभाग, वेग, बाजू, वापरायची की नाही, नसल्यास कारण. साधन कोणतेही असो, गट खुणांवरून पाडावेत, फाइलीच्या नावावरून नव्हे. इथे अनेकजण हरकत घेतात: नावातच सगळे आहे, मग दुसरी नोंद कशाला? फुकुचींच्या डेटात नावावरून माणूस कळतो, जमीन की ट्रेडमिल तेही कळते. पण वय कळत नाही, ते वेगळ्या माहितीतक्त्यात आहे आणि ते जोडून घ्यावेच लागते. शिवाय नावात शोध घेणे भलते निसरडे. 'एस१' शोधले की एस१ सोबत एस१० पासून एस१९ पर्यंतचे दहाजण न बोलावता येतात. एका फाइलीत 'स्लो' च्या पुढे चुकून एक मोकळी जागा राहिली तर ती ट्रायल कोणत्याच गटात बसत नाही आणि कोणताही इशारा न देता गळते. गट बांधून झाल्यावर पहिले काम आलेखाचे नाही, मोजणीचे: प्रत्येक गटात किती माणसे, प्रत्येक माणसाच्या किती ट्रायल, प्रत्येक ट्रायलची किती चक्रे. अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

याच मोजणीतून या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा समोर येतो. ट्रेडमिलवर एका मिनिटात पन्नास-साठ चक्रे सहज मिळतात, जमिनीवर प्लेटवर नीट पडलेली पाच-सात. सगळी चक्रे एका ढिगात टाकून सरासरी काढली तर ज्याची चक्रे जास्त त्याचा आवाज मोठा होतो. एक माणूस चाळीस मते देतो, दुसरा सहा. ढिगाची दुसरी खोड अधिक गंभीर. ४२ माणसांची प्रत्येकी दहा चक्रे म्हणजे ४२० रेघा. सॉफ्टवेअरला माणूस दिसत नाही, रेघा दिसतात; ते प्रमाण त्रुटी काढताना ४२ च्या नव्हे तर ४२० च्या वर्गमुळाने भागते. त्रुटी तिपटीहून लहान दिसू लागते आणि नसलेला फरक 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय' होतो. एकाच माणसाची दहा पावले एकमेकांसारखी असणारच; ती दहा स्वतंत्र साक्षीदार नाहीत. म्हणून आधी प्रत्येक माणसाची सरासरी, मग माणसांच्या सरासऱ्यांची सरासरी. सिफ्टमध्ये सगळ्या रेघा, वर्कस्पेसची सरासरी आणि गटाची सरासरी हे आलेखाचे तीन वेगवेगळे पर्याय आहेत. एक वर्कस्पेस म्हणजे एक माणूस असेल तर मधला पर्याय नेमका हाच टप्पा दाखवतो. बहुतेकजण तो ओलांडून थेट तिसऱ्यावर जातात. यावर कोणी म्हणेल, मग जास्त पावले नोंदवून फायदा काय? फायदा आहे. प्रत्येक माणसाची स्वतःची सरासरी त्याने स्थिर होते, आणि पावलापावलांतली अस्थिरता हाच अभ्यासाचा विषय असेल तर जास्त चक्रांवाचून गत्यंतर नाही. फक्त त्याने माणसांची संख्या वाढत नाही. सगळी चक्रे वापरायचीच असतील तर व्यक्तीला वेगळा स्तर मानणारे मिश्र मॉडेल वापरा.

सुट्या रेघा आधी पाहा, असा आग्रह धरला की सांख्यिकी जाणणारा वाचक वाजवी आक्षेप घेतो. रेघा पाहून, नको त्या काढून टाकून सरासरी काढणे म्हणजे निकाल हवा तसा घडवणे नाही का? धोका खरा आहे, आणि 'विचित्र दिसते' हे वगळण्याचे कारण कधीच होऊ शकत नाही. काही वयस्क माणसे खरोखरच विचित्र चालतात; तीच तर पाहायची आहेत. पण न पाहता सरासरी काढल्याने हात स्वच्छ राहतात, हेही खरे नाही. मार्कर फरशीवर पडलेली रेघ तेव्हा तुमच्या निकालात तशीच राहते. तोल असा साधता येतो: वगळण्याची कारणे आधी लिहायची आणि ती यांत्रिकच असावीत. मार्करची अदलाबदल, मर्यादेपेक्षा लांब खंड, एकाच प्लेटवर दोन्ही पाय, प्लेटच्या कडेवर पडलेले पाऊल, चुकलेला इव्हेंट. रेघ संशयास्पद दिसली तर निर्णय रेघेवरून नव्हे, त्या फ्रेमपाशी परत जाऊन मार्कर आणि प्लेट पाहून घ्यायचा. ही तपासणी करताना दोन्ही गटांना एकच रंग द्यावा, म्हणजे कोणती रेघ कोणत्या गटाची हे बघणाऱ्याला कळू नये. शेवटी वगळलेल्या प्रत्येक चक्राची ओळ तक्त्यात कारणासकट राहू द्यावी. एवढे केले तर आक्षेप उरत नाही, उलट परीक्षकाच्या प्रश्नाला दाखवायला कागद हातात राहतो.

मग येते वेळेचे सामान्यीकरण. प्रत्येक चक्र १०१ बिंदूंवर ताणले की सगळ्या रेघा एका लांबीच्या होतात, पण त्यांच्या आतल्या घटना एका जागी येतीलच असे नाही. सोयीच्या वेगाला पाय साधारण साठ टक्क्यांवर उचलला जातो, हळू चालीत त्याहून उशिरा. दोन माणसांचा गुडघा साठ अंशच वाकतो, पण एकाचा ७० टक्क्यांवर आणि दुसऱ्याचा ७६ वर, असे असेल तर त्यांची सरासरी रेघ साठला कधीच पोहोचणार नाही. सरासरी रेघेचे शिखर हे शिखरांच्या सरासरीपेक्षा जास्त असूच शकत नाही, हा गणिताचा नियम आहे. म्हणून तक्त्यात साठ आणि आकृतीत सत्तावन असे दिसले तर घाबरू नका, पण दोन्ही आकडे कसे आले ते लिहा, आणि शिखराचे मोजमाप प्रत्येक चक्रावरून घ्या, सरासरी रेघेवरून कधीही घेऊ नका. पट्ट्याचेही असेच. एक प्रमाण विचलनाचा पट्टा प्रत्येक बिंदूवर सुमारे ६८ टक्के माणसांना सामावतो. पूर्ण रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत पट्ट्यात राहणारी माणसे त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा 'रुग्णाची रेघ पट्ट्याबाहेर गेली' हे वाक्य निदान म्हणून वापरायच्या लायकीचे नाही. दोन गटांच्या रेघा कुठे वेगळ्या आहेत हे ठरवायला १०१ बिंदूंवर १०१ टी-चाचण्या लावू नयेत. शेजारचे बिंदू एकमेकांना बांधलेले असतात आणि इतक्या चाचण्यांत काही योगायोगानेच लागतात. टॉड पटाकी यांचे 'एसपीएम१डी' पॅकेज पूर्ण रेघेला एकच वस्तू मानून चाचणी करते, पायथन आणि मॅटलॅब दोन्हींत.

दवाखान्यात काम करणारे म्हणतील, आमच्यापुढे एकच रुग्ण असतो, गटाची भानगड आम्हाला कशाला? पण रुग्णाची रेघ ज्या करड्या पट्ट्यावर ठेवून पाहिली जाते, तो पट्टा हाच गट असतो, फक्त तो दुसऱ्या कुणीतरी बांधलेला. सॉफ्टवेअरसोबत आलेला 'नॉर्मल' पट्टा कोणत्या वयाच्या, कोणत्या वेगाने चालणाऱ्या, किती माणसांचा, कोणत्या मॉडेलवरून काढलेला, हे विचारल्याशिवाय अहवालावर सही करणे धाडसाचे. गुडघा दुखणारा माणूस हळू चालतो. त्याची रेघ सोयीच्या वेगाने चालणाऱ्या निरोगी तरुणांच्या पट्ट्यावर ठेवली तर निम्मे 'दोष' वेगाचेच निघतील. इथे फुकुचींचा हळू वेगांचा डेटा कामी येतो. त्यातून रुग्णाच्या वेगाशी जुळणारा पट्टा स्वतः बांधता येतो, अर्थात मार्करांची मांडणी आणि मॉडेल आपल्याशी जुळतात का ते पाहूनच.

राहिला शेवटचा, सगळ्यांत व्यवहारी आक्षेप: एवढ्याला वेळ कोणाकडे आहे, सॉफ्टवेअर हे आपोआप करतेच की. व्हिज्युअल३डीची पाइपलाइन किंवा पायथनची स्क्रिप्ट एकदा लिहिली की शेकडो फाइली एका झटक्यात पार पडतात हे खरेच, आणि ती वापरावीच. हाताने शंभर वेळा एकच क्लिक करणारा माणूस शंभरातून दोनदा तरी चुकतो. पण पाइपलाइन तुमचे निर्णय राबवते, घेत नाही. टॅग चुकीचा असेल तर ती चुकीचा गट पहिल्यापेक्षा वेगाने तयार करते. वेळेचा हिशेबही लावून पाहा: तक्ता भरायला एक संध्याकाळ जाते, मौखिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळे आलेख नव्याने काढायला त्याहून कितीतरी जास्त.

तेव्हा पुढची आकृती प्रबंधात चिकटवण्याआधी तिच्याखाली इतके लिहा: किती माणसे, प्रत्येकाची किती चक्रे, सरासरी आधी माणसाची काढली का, पट्टा कशाचा, इव्हेंट कोणत्या पद्धतीने, फिल्टर किती हर्ट्झचा, वाकणे धन की ऋण, मोमेंट वस्तुमानाने भागले का, आणि किती चक्रे कोणत्या कारणाने वगळली. चार ओळी होतात. यातले एखादे उत्तर लिहिता येत नसेल तर आकृती बाजूला ठेवा आणि तक्त्याकडे परत जा.